काशिंबोचं गाव

बेंविंदा दोन दिवस बोटीवर झोळी टांगून आली होती, तरी दमल्याचा मागमूस नव्हता. मानाउस शहराच्या धक्क्यावर उतरली ती तडक ओस्मारिनोच्या घरी. खांद्यावरचं कसाव्याच्या पिठाचं पोतं तिनं उंबऱ्यात टाकलं, पाणीसुद्धा मागितलं नाही, आणि पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला.

ओस्मारिनो ओट्यावर कोयत्याला धार लावत बसला होता. निवृत्त होऊन त्याला वर्ष झालं होतं, रानात जायचं काम उरलं नव्हतं, तरी कोयता बोथट होऊ द्यायचा नाही ही त्याची खोड. चौतीस वर्षं तो झाडापेडांवर संशोधन करणाऱ्या संस्थेचा मातेइरो होता. डॉक्टर लोक रानात शिरले की मातेइरो त्यांच्यापुढे. वाट तो काढणार, झाडावर तो चढणार, खोडाला कोयता मारून सालीचा टवका नाकाशी धरणार आणि झाड कुठल्या घराण्यातलं ते सांगणार. मग डॉक्टर ते लॅटिनमध्ये लिहून घेणार आणि शोध डॉक्टरांचा होणार.

"कोंपाद्रे," बेंविंदा म्हणाली. तिच्या थोरल्या लेकीचा तो धर्मबाप, म्हणून कोंपाद्रे. "पीठ तुला आणलंय, खा पोटभर. पण आधी हे ऐक, मग घास गिळतो का बघ."

गावच्या चर्चची पत्रकं वाचून दाखवायचं काम पूर्वीपासून तिच्याकडे होतं, त्यामुळे ती खणखणीत वाचायची. खाणवाल्या कंपनीनं संस्थेकडून मागवलेला तो अहवाल होता. त्यात म्हटलं होतं की काशिंबो नावानं ओळखला जाणारा हा शेंगावर्गीय वृक्ष तारुमिरिमच्या राखीव वनातला आहे. संस्थेत जपून ठेवलेला मूळ नमुना तिथूनच गोळा केलेला आहे आणि तिथे त्याला कायमचं संरक्षण आहे. जाकामिमच्या डोंगरावर त्याची चार झाडं असली तरी खाणीसाठी ती तोडल्यानं या जातीचं काही बिघडत नाही. खाली सही होती डॉक्टर एव्हाल्दो मेस्कीता यांची.

ओस्मारिनोचा हात कोयत्यावरच थांबला. त्यानं तिला ती तारुमिरिमची ओळ पुन्हा वाचायला लावली.

"दोनदा वाचलं म्हणून बदलणार नाही," ती म्हणाली. "सभेत कंपनीच्या माणसानं तीनदा वाचलं. लोक माझ्याकडे बघून हसले. तुझा तो धर्मभाऊ वीस दिवस तुझ्या चुलीवरचे मासे खाऊन गेला, आमचं झाड शहरात नेलं आणि विकून बसला, असं म्हणाले. मी काय तोंड दाखवू?"

"मी विकलं?"

"मला नको विचारू. झाडावर कोण चढलं होतं?"

झाडावर ओस्मारिनोच चढला होता. सतरा वर्षांपूर्वी, बेंविंदाच्या घरामागच्या डोंगरावर, पायांत दोरीचा फास अडकवून, चाळीस मीटर. वर पोचेपर्यंत मुंग्यांनी मान फोडून काढली होती. आणि ते झाड तो जन्मात विसरणार नव्हता. त्या कुळातल्या बाकीच्या झाडांची साल उडवली की कच्च्या वालाच्या शेंगा कुस्करल्यासारखा उग्र वास येतो. आंधळ्यालाही कळावं, हे शेंगांच्या घराण्यातलं. पण याच्या टवक्याला वास होता एखाद्या म्हाताऱ्याच्या जुन्या चिलमीचा, म्हणून गावकरी त्याला काशिंबो म्हणत, म्हणजे चिलीमच. टवका नाकाशी धरल्यावर ओस्मारिनो खाली उभ्या असलेल्या डॉक्टरांना म्हणाला होता, हे मी आजवर कुठे पाहिलेलं नाही. डॉक्टरांनी वर बघून विचारलं होतं, खात्री? त्या काळी डॉक्टर त्याला विचारत असत.

आणि तारुमिरिम? तारुमिरिमचं राखीव वन म्हणजे ओस्मारिनोचं परसदार. तिथल्या झाडांना पत्र्याचे नंबर ठोकण्यात त्याची बारा वर्षं गेली होती. तिथे एक काशिंबो दाखवा आणि माझी मिशी उतरवा, असं तो बेंविंदाला म्हणाला. ती म्हणाली, मिशी घेऊन मी काय करू, डोंगर गेला तर ओढा जाईल, ओढा गेला तर गाव जाईल. परवाना देणाऱ्या कचेरीची बाई उद्या गुरुवारी संस्थेत येणार होती, त्या मूळ नमुन्याचा फोटो काढायला. शुक्रवारी निकाल. हातात होता फक्त आजचा दिवस.

ओस्मारिनोनं कोयता भिंतीला टेकवला आणि धुतलेला सदरा घातला.

संस्थेच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्याला ओळखलं, पण आत सोडायला पास मागितला. चौतीस वर्षं ज्या फाटकातून पाठीवर गठ्ठे वाहून आणले, तिथे पास. ओस्मारिनो मागे सरकून उभा राहिला. बेंविंदानं मात्र पहारेकऱ्याला त्याच्या आईचं नाव विचारलं, असं बोलायला शिकवणारी ती कोण म्हणून, आणि तेवढ्यात दोघं आत शिरली.

डॉक्टर एव्हाल्दोंची खोली तशीच होती. भिंतीवर उष्णप्रदेशाचा मोठा नकाशा, त्यात शेंगांच्या घराण्यातली कुठली जात कुठे वाढते त्याच्या रंगीत टाचण्या. फुलपाखरासारख्या फुलांच्या झाडांना लाल टाचणी, शिरीषासारख्या गोंड्यांच्या झाडांना पिवळी, उरलेल्यांना निळी. अर्ध्या लाल टाचण्या ओस्मारिनोच्या गुडघ्यांवर उभ्या होत्या. डॉक्टर उठून हसत पुढे आले, त्याच्या पाठीवर थाप मारली, कॉफी मागवली, गुडघे कसे आहेत विचारलं. गोड बोलण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मग ओस्मारिनोनं कागद पुढे ठेवला.

त्यांनी कागद न उचलताच सांगायला सुरुवात केली. लेबलावर तारुमिरिम आहे. झाडाच्या लॅटिन नावातही तारुमिरिमच आहे. शास्त्रात लेबल हाच पुरावा असतो, माणसाची आठवण नव्हे.

नावाचं ऐकून ओस्मारिनोच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ते लॅटिन नाव त्याला पाठ होतं, त्यात तारुमिरिम ऐकू येतं हेही त्याला माहीत होतं. पण डॉक्टर लोक नावं मनाला येईल तशी ठेवतात असं तो धरून चालला होता. एकानं बायकोचं ठेवलं होतं, एकानं प्रयोगशाळेला पैसे देणाऱ्याचं. यांची रानातल्या मुक्कामाची झोपडी तारुमिरिमला, म्हणून यांनी तिचं ठेवलं असेल. नाव म्हणजे पत्ता असतो आणि तो पत्ता खोटा आहे, हे त्याला सतरा वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

"डॉक्टर, त्या झाडावर मी चढलोय. जाकामिमला. तुम्ही खाली उभे होता."

"सेउ ओस्मारिनो," डॉक्टर म्हणाले, नेहमीसारखं मानाचं सेउ लावून, "तुम्ही आयुष्यात किती झाडांवर चढलात? पाच हजार? आपल्या वयात एका झाडाचं दुसऱ्याला लागतं. माझंही होतं." डॉक्टर हसले. "तुम्ही मन लावून काम केलंत. आता आराम करा."

"डॉक्टर, लेबलं तुम्ही कशावरून टाइप केलीत?"

हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. कशावरून ते दोघांनाही माहीत होतं. जाकामिमहून परतताना धबधब्याच्या वळणावर होडी उलटली होती. ओस्मारिनो पाण्यात बुडी मारून नमुन्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्या एकेक करून वर काढत होता आणि डॉक्टर खडकावरून ओरडत होते, वही, माझी वही. वही गेली. पिशव्या वाचल्या. महिन्याभरानं, तारुमिरिमची दुसरी फेरी करून आल्यावर, डॉक्टरांनी दोन्हीकडची लेबलं आठवून आठवून टाइप केली. ओस्मारिनोला विचारलं असतं तर एका वासात सांगितलं असतं, पण तो तेव्हा हिवतापानं इस्पितळात पडून होता आणि तिथवर जायची तसदी कोणी घेतली नाही. म्हणजे या खोलीत आठवणीवर विसंबून राहायचा हक्क एकालाच होता, आणि तो ओस्मारिनो नव्हता.

डॉक्टर म्हणाले, त्यांना मीटिंग आहे. कॉफी दोघांनी पिऊन जावी. बेंविंदानं कपाला हात लावला नाही. ओस्मारिनो बाहेर आला. त्याला वाटलं होतं की विसरभोळ्या माणसाला आठवण करून द्यायला आपण चाललोय. समोर मात्र असा माणूस होता की ज्याला सगळं लख्ख आठवतंय.

"आता?" बेंविंदानं विचारलं.

आता लिंदाल्वा. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाच्या, मागच्या लांबट खोलीत तीस वर्षं एकच बाई वाळलेल्या फांद्या जाड कागदावर सुईदोऱ्यानं टाचत आणि डिंकानं चिकटवत बसली होती. तिच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही पान कपाटात जात नसे. चष्मा कपाळावर ढकलून तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, नंबर काय होता? ओस्मारिनोला वाचायला फार येत नसे, नाव आणि आकडे तेवढे गिरवता येत, पण नंबर त्याच्या डोक्यात कोरलेले होते. चार हजार दोनशे सतरा.

लिंदाल्वानं मूळ शीट आणून टेबलावर ठेवलं. वाळून तपकिरी झालेली फांदी, पंखासारखी चपटी शेंग, कोपऱ्यात लेबल. संग्राहक: ए. मेस्कीता आणि मंडळी. ठिकाण: तारुमिरिम राखीव वन. बेंविंदानं ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "यातली मंडळी कोण?"

"मी," ओस्मारिनो म्हणाला.

"एकटाच?"

"एकटाच."

शीटवर पुरावा काही नव्हता. फांदी बिचारी कुठल्या डोंगरावरची ते बोलून दाखवू शकत नाही. पण ओस्मारिनो तिच्याकडे बघत असताना त्याला एकदम जाकामिमची ती संध्याकाळ आठवली. रानात नमुना तोडला की तो आधी जुन्या वर्तमानपत्रात घालायचा, चिमटीत धरून पानं सरळ करायची, कडेला पेन्सिलीनं नंबर टाकायचा, गठ्ठा बांधायचा आणि पिशवीत घालून वरून मद्यार्क ओतायचा म्हणजे कुजत नाही. गावातले पुरुष आडोशाला उभे राहून हळहळत होते, एवढी दारू झाडाला पाजतायत म्हणून. आणि काशिंबोच्या दिवशी वर्तमानपत्रं संपली होती.

"कोमाद्रे," तो बेंविंदाकडे वळला, "तू मला कागद दिले होतेस. कसले गं?"

तिलाही क्षणभर आठवेना. मग ती कपाळावर हात मारून म्हणाली, सांता रीताच्या उत्सवाची पत्रकं. महिन्याभरापूर्वीच उत्सव झाला होता, पाद्रीबाबांनी जास्तीची छापली होती, सगळा गठ्ठा तिच्या घरी पडून होता. एक मोठ्ठा कागद, त्यावर प्रार्थनेच्या वेळा आणि खाली लिलावाला वस्तू देणाऱ्यांची यादी.

मूळ शीट ज्या कागदात आलं तो कागद कधीच कचऱ्यात गेला होता. पण एका झाडाच्या एका नंबराच्या आठ-दहा फांद्या तोडतात, एक इथे चिकटवतात आणि बाकीच्या दुसऱ्या देशांतल्या संग्रहांना वाटतात. वाटून उरलेल्या तशाच कागदात पडून राहतात, चिकटवायला हात कमी म्हणून. संस्थेत असल्या उरलेल्यांची सात कपाटं होती. सात कपाटांची आठवण काढून लिंदाल्वा रोज वरिष्ठांना बोल लावायची. आज पहिल्यांदा तिनं त्यांना नावं ठेवली नाहीत.

तिघं कामाला लागली. शेंगांचं घराणं हे उष्ण रानातलं सगळ्यात खटल्याचं घराणं, दोन कपाटं त्याचीच. धूळ, डांबरगोळ्या, झुरळांची लेंडकं. बेंविंदाला दर चार गठ्ठ्यांनी शिंक यायची आणि दर शिंकेला ती डॉक्टरांच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची. दुपारच्या जेवणाची घंटा होऊन गेली. दुसऱ्या कपाटाच्या तळाला, सुतळी सोडता सोडता, ओस्मारिनोला स्वतःचा सात दिसला. त्याच्या साताला मधून आडवी दांडी असायची, जराशी वाकडी. चार, दोन, एक, सात.

कागद पिवळा पडला होता, पण शाई शाबूत होती. सांता रीता दो जाकामिम, मे १९८९. बेंविंदानं खालची यादी वाचायला घेतली. झेफेरीनो, एक कासव. अल्झीरा, केळ्यांचा घड. बेंविंदा, दोन कोंबड्या. त्यातले निम्मे लोक आता नव्हते.

लिंदाल्वानं कागद अलगद उघडला. आत दोन फांद्या. ती बोट न लावता वाकून बघत राहिली आणि मग म्हणाली, "सेउ ओस्मारिनो, कागद नका बघू. कागदावर काय उमटलंय ते बघा."

डॉक्टरांची मीटिंग संपली होती. तिघांना टेबलाशी बघून ते दारातच थबकले. यादी त्यांनी वाचली, हवी तेवढी सावकाश वाचली. मग चष्मा पुसत म्हणाले की यावरून काहीच सिद्ध होत नाही. रानात कागद पुन्हा पुन्हा वापरतात, एका फेरीतला दुसऱ्या फेरीत जातो. जाकामिमला दिलेलं पत्रक तारुमिरिमला वापरलं गेलं असेल. लिंदाल्वाला हे माहीत असायला हवं.

लिंदाल्वानं चिमट्यानं फांदी उचलून बाजूला ठेवली. पत्रकावर मद्यार्कात उतरलेल्या चिकाचा काळपट डाग होता, सबंध फांदीचा, पानापानाचा. तिसऱ्या पानाला सुरवंटानं पाडलेलं भोक होतं, आणि डागातही त्याच जागी तेवढंच कोरं भोक, बरोबर अल्झीराच्या केळ्यांवर. एका पानाचं टोक दुमडलेलं होतं, तेही तसंच उमटलं होतं. तिनं फांदी पुन्हा डागावर टेकवली. म्यानात कोयता बसावा तशी ती बसली.

"हिरवी असताना उतरलेला डाग आहे हा," ती म्हणाली. "आणि डागाखाली दुसरा डाग नाही. या कागदात याच्या आधी काही ठेवलेलंच नव्हतं, डॉक्टर. हा कागद जिथे पहिल्यांदा वापरला, झाड तिथलंच."

डॉक्टर खुर्चीत बसले. आता त्यांच्या बोलण्यातला गोडवा गेला आणि खरं बाहेर पडलं. लेबल चुकलं असेलही, म्हणाले. पण ते नाव आता जगभरच्या याद्यांत आहे, एकदा ठेवलेलं नाव पत्ता चुकला म्हणून बदलता येत नाही. म्हणजे जाकामिमशिवाय कुठेच नसलेलं झाड कायमचं तारुमिरिमचं नाव मिरवणार आणि जगातले त्यांच्या विषयातले सगळे त्यावरून त्यांना हसणार. रीतसर दुरुस्ती करायला हरकत नाही, नियतकालिकात टिपण देऊ, चार-सहा महिन्यांत छापून येईल.

"चार-सहा महिन्यांत," बेंविंदा म्हणाली. "तोवर डोंगराला थांबायला सांगू?"

ओस्मारिनोचा स्वभाव भांडकुदळ नव्हता. या माणसाच्या तापात त्यानं रात्री जागवल्या होत्या, साप पायाशी असताना त्याला उचलून घेतलं होतं. त्याला राग आला तो लेबल चुकल्याचा नव्हे. चूक कोणाचीही होते. पण या माणसाला खरं ठाऊक होतं, निदान शंका तरी होती, आणि तरी त्यानं सही केली होती, का तर हसं होऊ नये म्हणून. गाव गेलं तरी चालेल, टाचणी हलता कामा नये.

"लेबल आज बदला, डॉक्टर."

"लेबलं कधीच बदलायची नसतात. तुम्हाला माहीत आहे."

हे मात्र ओस्मारिनोला माहीत होतं. हर्बेरियमची ती जुनी रीत होती आणि ती त्याला आवडायची. शीटवरचं जुनं लेबल काढायचं नाही, खोडायचं नाही. ज्यानं नमुना पाहिला आणि ज्याला काही वेगळं म्हणायचं आहे त्यानं शेजारी चिठ्ठी चिकटवायची, खाली नाव आणि तारीख घालायची. मग तिसऱ्यानं येऊन आपली लावावी. चूकही राहते, चूक दाखवणाराही राहतो. एकेका शीटवर चार-चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असायच्या, भांडणासारख्या एकाखाली एक. मातेइरोची एकही नव्हती. कोणी मनाई केली नव्हती. कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, ओस्मारिनोच्याही.

त्यानं लिंदाल्वाच्या डब्यातून एक कोरी चिठ्ठी उचलली.

काय चाललंय ते डॉक्टरांच्या लक्षात यायला वेळ लागला, कारण तो फार सावकाश लिहीत होता. जीभ दातांत धरून, एकेक अक्षर कोयत्यानं कोरल्यासारखं. ४२१७. मग वाकड्या दांडीचा सात पुन्हा नीट केला. जाकामिम. या शब्दासाठी त्यानं पत्रकावर बघून अक्षरं उतरवली. खाली, जराही न अडखळता, ओस्मारिनो बाताल्या. आणि तारीख.

"चिठ्ठ्या तज्ज्ञ लावतात, सेउ ओस्मारिनो," डॉक्टर म्हणाले.

लिंदाल्वानं चिठ्ठीला मागून डिंक लावला. तिनं ती मूळ शीटवर, तारुमिरिमच्या लेबलाच्या अगदी शेजारी ठेवली आणि वरून कापडाची पुरचुंडी दाबली. "नियमात पाहणारा असं लिहिलंय," ती म्हणाली. "तज्ज्ञ असं नाही. तुम्हीच शिकवलंत मला. आणि हे पत्रकही मी शीटबरोबर पाकिटात लावतेय, उद्या बाईंना फोटो काढायला सोयीचं."

"ती चिठ्ठी काढा, लिंदाल्वा."

"शीटवर चिकटवलेलं काढायचं नसतं, डॉक्टर. हेही तुम्हीच शिकवलंत."

बाहेर लोखंडी छपरावरून माकडं धावत गेली, रोज या वेळेला जायची. डॉक्टर शीटकडे बघत होते. उद्या कचेरीची बाई येणार. तिला लेबल दिसणार, शेजारची चिठ्ठी दिसणार, पाकिटातला डाग दिसणार, आणि ती विचारणार, डॉक्टर, तुमचं काय म्हणणं? तारुमिरिम म्हणावं तर फांदी उचलून डागावर ठेवायला लिंदाल्वा शेजारी उभी. डॉक्टर मूर्ख नव्हते. मूर्ख असते तर ओस्मारिनोला एवढा राग आला नसता.

अखेर त्यांनी डब्याकडे हात केला आणि एक चिठ्ठी ओढून घेतली. त्यांचं अक्षर देखणं होतं. कागदाचा पुरावा पाहता हा नमुना जाकामिम डोंगरावरचा आहे, तारुमिरिम राखीव वनातला नाही, आधीचा अहवाल मागे घेत आहे. लिहिताना ते वर बघत नव्हते. बेंविंदा त्यांच्या खांद्यामागे उभी राहून शब्द न् शब्द मोठ्यानं वाचत होती, चर्चमध्ये वाचावं तसं, म्हणजे मागच्यांनाही ऐकू जावं.

मग त्यांनी संग्राहक असं लिहिलं, स्वतःचं नाव घातलं, आणि मंडळी लिहायला पेन वळवलं. बेंविंदा वाचायची थांबली. पेनही थांबलं. डॉक्टरांनी स्वतःच्या नावावर रेघ मारली.

"सेउ ओस्मारिनो," ते चिठ्ठीकडे बघतच म्हणाले, "तुमचं आडनाव काय?"

सत्तावीस वर्षं दोघांनी एका पातेल्यातलं खाल्लं होतं. बेंविंदानं तोंड उघडलं, पण ओस्मारिनोनं हातानं तिला अडवलं. आपण चिडू असं त्याला वाटलं होतं. पण आतलं सगळं एकदम गार पडलं. डॉक्टरांच्या मुलांची नावं, त्यांच्या बायकोची दम्याची गोळी, कोणत्या माशाचा काटा त्यांना सोसत नाही, सगळं त्याला पाठ होतं.

त्यानं शीट डॉक्टरांच्या पुढे सरकवलं आणि अजून ओल्या असलेल्या आपल्या चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"वर लिहिलंय," तो म्हणाला. "बघून उतरवा."